म्हातारपणाची उचल

"पोरं झाली, नसबंदी झाली, मग पिशवी ठेवून करायचंय काय?" मराठवाड्यातल्या खेड्यांत हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो की विचारणाऱ्याला उत्तराची गरजच नसते. अंगावरून जातंय, पांढरं जातंय, कंबर धरतेय, महिन्याचे चार दिवस कामाचे बुडतात. पिशवी काढली की कटकट मिटली. सासू सुनेला हेच सांगते, जाऊ जावेला हेच सांगते, आणि ज्याने हे सांगू नये असा डॉक्टरही हेच सांगतो. या एका वाक्यात तीन विधानं दडलेली आहेत. गर्भाशय फक्त मूल वाढवण्यासाठी असतं, हे पहिलं. पाळी म्हणजे निव्वळ त्रास, हे दुसरं. आणि पाळी लवकर संपली तर त्यात बाईचं काहीच जात नाही, हे तिसरं. पहिल्या दोन विधानांवर बरंच बोललं गेलं आहे. तिसरं मात्र वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी जवळपास मान्य करून टाकलं आहे. मला ते खोडून काढायचं आहे, कारण सगळं नुकसान तिथे होतं.

बीड जिल्ह्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा बायकांत एक. त्यामागचं अर्थकारणही तेव्हा उघड झालं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याला मुकादमाकडून हंगामाआधी उचल. आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड. फडावर ना आडोसा, ना पाणी, ना संडास. अशा ठिकाणी पाळी ही थेट पैशातली तूट ठरते. त्यावर जी चर्चा झाली ती रास्तच होती: शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का, डॉक्टरांनी भीती घातली का, मुकादमांचा दबाव होता का. पण सगळी चर्चा शस्त्रक्रियेच्या टेबलापाशीच थांबली. टाके सुकल्यावर त्या बाईच्या शरीरात पुढची तीस वर्षं काय घडणार, हे ना आरोप करणाऱ्यांनी विचारलं, ना बचाव करणाऱ्यांनी.

ते कळायला अंडाशयांचं काम काय हे पाहावं लागतं. दर महिन्याला बीज सोडणं हे त्यांचं एक काम. दुसरं काम इस्ट्रोजेन तयार करण्याचं, आणि हे संप्रेरक गर्भाशयापुरतं राहत नाही. हाडं सतत झिजतात आणि सतत भरली जातात. त्या झिजेला इस्ट्रोजेन आवर घालतं. ते ओसरलं की झीज भरपाईला मागे टाकते. बॉस्टनचे डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास ठिसूळ हाडांचा आणि पाळी जाण्याचा हा संबंध दाखवून दिला होता, म्हणजे ही गोष्ट काही काल-परवा कळलेली नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या आणि हजारो बायकांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेल्या 'स्वान' अभ्यासाने त्यात बारकावे भरले: शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीच हाडांची घट वेग घेते, आणि त्याच शेवटच्या पाळीच्या आसपास रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉलही चढतं. रक्तवाहिन्यांची लवचिकता, मूत्राशय आणि योनीच्या अस्तराचं आरोग्य, झोप, मेंदूचं कामकाज, या सगळ्यांत इस्ट्रोजेनचा हात असतो. पाळी हा या सगळ्या व्यवहाराचा बाहेर दिसणारा भाग. अंडाशयं थकली की पाळी थांबते, आणि हा व्यवहारही थांबत जातो.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. पाळी तर प्रत्येक बाईची जाते, आणि तो काही आजार नव्हे. आजीची गेली, पणजीची गेली, कुणी हृदयविकाराचं नाव काढलं नाही. शिवाय 'लॅन्सेट'ने २०२४ मध्ये रजोनिवृत्तीवर जी लेखमाला छापली तिचा सूरही हाच होता, की आयुष्याच्या या टप्प्याला उगाच रोगाचं रूप देऊन बायकांना गिऱ्हाईक बनवू नका. हे मला मान्य आहे. योग्य वयात आलेल्या रजोनिवृत्तीला औषधांची बाजारपेठ समजणाऱ्यांचा इतिहास काही चांगला नाही. पण या आक्षेपाचा सगळा भार 'योग्य वयात' या दोन शब्दांवर आहे. भारतीय बाईची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा आधीच चार-पाच वर्षं लवकर. तिशीत किंवा पस्तिशीत ती घालवली गेली, तर तिला नैसर्गिक म्हणणं म्हणजे उभ्या उसाला वणवा लागल्यावर 'नाहीतरी तोडायचाच होता' म्हणण्यासारखं आहे. आणि वयाने फरक पडतो याचा पुरावा भक्कम आहे. २०१९ मध्ये पंधरा अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक बायकांची माहिती एकत्र करून तपासली गेली. पन्नाशी-एक्कावन्नला पाळी गेलेल्यांच्या तुलनेत, चाळिशीच्या आत गेलेल्यांना साठीच्या आत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका सुमारे ५५ टक्के जास्त निघाला. चाळीस ते चव्वेचाळीसमध्ये गेलेल्यांना सुमारे ३० टक्के जास्त. जितकी लवकर, तितका धोका वाढता. आजीचं उदाहरण इथे लागू पडत नाही, कारण आजीची पाळी पस्तिशीत कुणी बंद केली नव्हती.

ही झाली आपसूक लवकर गेलेल्या पाळीची गोष्ट. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन हळूहळू ओसरायला वर्षं लागत नाहीत. एका दुपारीच ते तुटतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशा बायकांचा अनेक दशकांचा मागोवा घेतला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ६७ टक्के जास्त होतं, आणि ही वाढ मुख्यतः ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिलं गेलं नाही त्यांच्यातच दिसली. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवलं की शस्त्रक्रियेच्या वेळचं वय जितकं कमी, तितका म्हातारपणी विस्मरणाचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक. अमेरिकी परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासात २९,३८० बायकांची चोवीस वर्षांची नोंद तपासली गेली. अंडाशयं काढल्याने स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग कमी झाला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू वाढले. कोणत्याही वयोगटात अंडाशयं काढल्यामुळे आयुर्मान वाढल्याचं दिसलं नाही. 'पुढे कॅन्सरची भीती नको' म्हणून जाता जाता अंडाशयंही काढून टाकणाऱ्यांनी हा हिशेब पाहायला हवा. भारतात अंडाशयाचा कर्करोग आयुष्यभरात शंभरातल्या एकीलाही होत नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार मात्र बायकांच्या मृत्यूच्या कारणांत सर्वांत वर आहेत. लहान भीती घालवण्यासाठी मोठी भीती घरात आणण्याचा हा सौदा आहे. ज्यांच्या घराण्यात बीआरसीएसारखा जनुकीय दोष आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण त्या थोड्या असतात, आणि त्यांचा निर्णय तपासणीवर होतो, अंदाजावर नाही.

"पण आम्ही फक्त पिशवी काढतो, अंडाशयं ठेवतो," हे यावरचं नेहमीचं उत्तर. अनेक प्रामाणिक डॉक्टर खरोखर तसंच करतात, आणि अंडाशयं ठेवणं काढण्यापेक्षा कितीतरी बरं. पण ठेवली म्हणजे शाबूत राहिली, असं गृहीत धरता येत नाही. अंडाशयांच्या रक्तपुरवठ्याचा एक भाग गर्भाशयाच्या धमनीतून येतो. ती बांधली की तो तुटतो. न्यूझीलंडमध्ये पाच वर्षं केलेल्या पाठपुराव्यात, अंडाशयं ठेवून गर्भाशय काढलेल्या बायकांत रजोनिवृत्ती इतरांपेक्षा सरासरी ३.७ वर्षं आधी आली. अमेरिकेत २०११ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांत अशा १४.८ टक्के बायकांची अंडाशयं थकली होती. गर्भाशय असलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. मेयो क्लिनिकच्याच २०१८ च्या अभ्यासात पस्तिशीच्या आत केवळ गर्भाशय काढलेल्यांना पुढे हृदयधमनीच्या विकाराचा धोका अडीच पट आणि हृदय निकामी होण्याचा धोका ४.६ पट दिसला. आणि आपल्याकडची आणखी एक अडचण कुठल्याच तक्त्यात येत नाही. पिशवी नसलेल्या बाईला पाळी येत नाही, म्हणून तिची अंडाशयं नेमकी कधी थांबली हे कळायची खूणच नाहीशी होते. तिला घाम फुटतो, झोप लागत नाही, अंग तापल्यासारखं होतं. घरात म्हणतात उष्णता झाली, गुलकंद खा. तिची रजोनिवृत्ती अडतिसाव्या वर्षी आली की सेहेचाळिसाव्या, हे तिला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, आणि सरकारच्या कुठल्या वहीत तर ते नसतंच.

आता पुराव्याच्या जातीबद्दलचा आक्षेप. हे सगळे अभ्यास परदेशी आहेत आणि निरीक्षणाचे आहेत. ज्या बायकांना लहान वयात शस्त्रक्रिया करावी लागली त्यांना आधीच स्थूलपणा, रक्तदाब, गाठी असतील, तर दोष शस्त्रक्रियेचा कसा? हा आक्षेप गंभीर आहे, आणि एखाददुसरा अभ्यास असता तर मी तो मान्य केला असता. २०१८ च्या अभ्यासात मात्र संशोधकांनी शस्त्रक्रियेआधीचे वीस जुने आजार हिशेबात धरूनच आकडे मांडले होते. दुसरं, वय जितकं कमी तितका धोका जास्त, हा नमुना वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा दिसतो. तिसरं, इस्ट्रोजेन परत दिलेल्यांत धोका खाली येतो. दोष फक्त जुन्या आजारांचा असता तर असं का व्हावं? आणि चौथं, हाडांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पातळीवर हे का घडतं याचं कारण माहीत आहे. शंका घ्यायचीच असेल तर ती उलट दिशेने घ्यावी: ज्या बाईला परदेशी बाईइतका पौष्टिक आहार नाही, ड जीवनसत्त्व पुरेसं नाही, रक्तदाब मोजणारं कुणी नाही, तिचा धोका त्या आकड्यांपेक्षा कमी असेल असं मानायला आधार काय?

त्यावर कुणी म्हणेल, कष्टाची हाडं असतात हो यांची. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या, दिवसभर उन्हात राबणाऱ्या बाईला कसला हाडांचा आजार? यात अर्धं खरं आहे. वजन पेलल्याने हाडं मजबूत होतात. पण उरलेलं अर्धं खेळाडूंनी शिकवलं आहे. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींत ज्यांची पाळी अति सरावाने बंद पडली, त्यांच्या मणक्यांची घनता नियमित पाळी येणाऱ्या धावपटूंपेक्षा कमी असते, हे १९८४ मध्येच नोंदवलं गेलं. उत्तम व्यायाम करणाऱ्या तरुण मुलींचीही ही अवस्था होते, तर अर्धपोटी राबणाऱ्या, इस्ट्रोजेन गमावलेल्या बाईच्या मणक्यांना मोळी तारून नेईल, हा भरवसा कशाच्या जोरावर? हाड मोडेपर्यंत ही झीज दुखतही नाही. कंबर वाकते तेव्हा म्हणतात वय झालं. खुब्याचं हाड मोडतं तेव्हा म्हणतात पाय घसरला.

उपाय आहे का? आहे, आणि तो ऐकताच नवा आक्षेप उभा राहतो: हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. या भीतीचा उगम २००२ चा. त्या जुलैत अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ची एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन घेणाऱ्या बायकांत दर दहा हजारांमागे वर्षाला आठ स्तनाचे कर्करोग, आठ पक्षाघात आणि सात हृदयविकाराचे प्रसंग जास्त दिसले. आकडे खरे होते. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि त्यांना त्या वयात पुन्हा हार्मोन सुरू केले जात होते. पस्तिशीतल्या बाईला जे नैसर्गिकपणे मिळत राहायला हवं होतं ते पन्नाशीपर्यंत परत देणं ही निराळी गोष्ट आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पिशवी काढलेल्या बाईला प्रोजेस्टिनची सहसा गरजच नसते, आणि त्याच प्रकल्पात गर्भाशय नसलेल्या १०,७३९ बायकांना नुसतं इस्ट्रोजेन देऊन वेगळी चाचणी झाली होती. तिथे पक्षाघात वाढला म्हणून ती २००४ मध्ये थांबली, पण स्तनाचा कर्करोग कमी झाला. आणि २०२० मध्ये मांडलेल्या दीर्घ पाठपुराव्यात त्या कर्करोगाने होणारे मृत्यूही कमी निघाले. आपल्याकडची भीती चुकीच्या चाचणीवरून उचललेली आहे. म्हणून साठीतल्या प्रत्येक बाईला हार्मोन द्या, असं मी म्हणत नाही; पुढचे आजार टाळण्यासाठी सरसकट हार्मोन देऊ नयेत असाच अमेरिकी तज्ज्ञ मंडळाचाही सल्ला आहे. पण चाळिशीच्या आत अंडाशयं थांबली किंवा काढली गेली, तर विशेष मनाई नसल्यास नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, ही युरोपीय तज्ज्ञांची शिफारस या दुसऱ्या गटासाठी आहे, आणि बीडच्या ज्या बायकांची अंडाशयं चाळिशीच्या आत काढली गेली किंवा थांबली, त्या याच गटात येतात.

शेवटचा आक्षेप सर्वांत मानवी आहे. या बायका स्वतःच सांगतात की पिशवी गेल्यावर सुटल्यासारखं वाटलं. आम्ही कोण त्यांना शहाणपण शिकवणारे? त्यांची सुटका खरी आहे, यात मला शंका नाही. रक्तस्रावाने रक्त उरत नाही अशा बाईला, मोठ्या गाठी असलेल्या बाईला, कर्करोग झालेल्या बाईला ही शस्त्रक्रिया वरदान आहे. पण निवड म्हणायला समोर किमान दोन वाटा लागतात. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ऑर्मेलॉक्सिफेन ही गोळी अशा रक्तस्रावावर वापरली जाते, आणि तीच गोळी 'छाया' या नावाने गर्भनिरोधक म्हणून सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे. पांढरं जाणं जंतुसंसर्गाचं असेल तर ते औषधाने बरं होतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची भीती तपासणीने घालवता येते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयातल्या फक्त १.९ टक्के बायकांची ही तपासणी कधीकाळी झालेली होती. तपासणी नाही, गोळी नाही, फडावर संडास नाही, सुटी घेतली तर खाडा. आणि मग उरलेल्या एकमेव वाटेला तिची निवड म्हणायचं, हा न्याय नव्हे.

हा प्रश्न फक्त बीडचा नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सर्व राज्यांना सांगितलं. जिल्ह्यापासून देशपातळीपर्यंत देखरेख समित्या असाव्यात, असं ती तत्त्वं सांगतात. बीडमध्ये तर खाजगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं २०१९ पासूनच बंधनकारक झालं. हे सगळं योग्य आहे, पण हे सगळे शस्त्रक्रियागृहाच्या आत जाणाऱ्या दारावरचे पहारे आहेत. बाहेर येणाऱ्या दारावर कुणीच उभं नाही. तिथे निदान चार गोष्टी हव्यात: अंडाशयं ठेवली की काढली हे बाईच्या हातातल्या कागदावर मराठीत लिहिलेलं, चाळिशीच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांची नोंदवही, आशाताईकडून वर्षाला एकदा रक्तदाब, साखर आणि रजोनिवृत्तीच्या लक्षणांची विचारपूस, आणि गरज असेल तिथे इस्ट्रोजेन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व सरकारी दवाखान्यातून. नोंद झालेल्या त्या १३,८६१ जणींपासून सुरुवात करता येईल.

मुकादमाची उचल कशी असते, हे ऊसतोड कुटुंबांना सांगायला नको. पैसे आज हातात पडतात आणि फेड पुढचे सहा महिने अंगमेहनतीने होते. फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. पिशवी काढून मिळालेले कामाचे दिवस ही तशीच उचल आहे, फक्त ती हाडांच्या, हृदयाच्या आणि स्मरणशक्तीच्या खात्यावर घेतलेली. मुकादमाच्या वहीत निदान आकडा तरी लिहिलेला असतो. इथे किती घेतलं आणि किती फेडायचं हे बाईला कुणी सांगितलेलंच नाही, आणि फेड सुरू होते तेव्हा तिला वाटतं, आपलं वय झालं.